तो आकडा बाईला सांगा

माझ्याकडे सोनोग्राफीचा एक जुना रिपोर्ट आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवलेला. त्यात बाळाच्या डोक्याचा घेर आहे, मांडीच्या हाडाची लांबी आहे, पाणी किती ते आहे. आणि खालून दुसऱ्या ओळीत, इंग्रजीत, गर्भाशयमुखाची लांबी: २.१ सेंटिमीटर. मला तेव्हा विसावा आठवडा चालू होता. रिपोर्ट हातात देताना 'बाळ व्यवस्थित आहे' असं सांगितलं गेलं आणि ते खरंही होतं, बाळात काहीच दोष नव्हता. आम्ही बेळगावात पाव किलो कुंदा घेतला आणि खानापूरची बस धरली.

त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी एका रात्री मला दवाखान्यात नेलं. ड्युटीवरच्या सिस्टरनं विचारलं, "ब्यानी बरताव एनु?" कळा येतात का. एवढं कन्नड मला कळतं. मी म्हटलं, "इल्ला." कारण कळा नव्हत्याच. ओटीपोट जड पडलं होतं, कंबर भरून आली होती, दोन दिवस अंगावरून पाण्यासारखं पांढरं जरा जास्तच जात होतं आणि खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. हे सगळं सांगायला माझ्याकडं कन्नड नव्हतं, आणि ऐकून घ्यायला तिच्याकडं मराठी नव्हतं. तिनं पोट चाचपलं, पित्ताची गोळी दिली, सकाळी डॉक्टर आल्यावर या म्हणाली. सकाळ व्हायच्या आत सगळं संपलं. मुलगा होता. तेवीस आठवडे आणि तीन दिवसांचा.

त्या सिस्टरवर माझा राग नाही. त्या रात्री अख्ख्या वॉर्डाला ती एकटी होती. माझं म्हणणं दुसरंच आहे, आणि ते मला अडीच वर्षांनी, दुसऱ्या खेपेला कळलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी जुनी फाईल चाळता चाळता त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं?"

मोजलं होतं. लिहिलं होतं. सांगितलं नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या सीमाभागात पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी प्रत्येक बाईची मोजली जावी, आणि तो आकडा तिला तिच्या भाषेत, तिथल्या तिथं सांगितला जावा, एवढीच माझी मागणी आहे. मागणी लहान दिसते. तिच्यामागं काय काय आहे ते मात्र सविस्तर सांगायला हवं.

आपल्याकडं ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात ते म्हणजे गर्भाशयमुख. गरोदरपणाच्या मध्यावर ते साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब आणि घट्ट मिटलेलं असतं. नवव्या महिन्यात ते आखडत, मऊ होत उघडायचं असतं. काही जणींचं ते चौथ्या-पाचव्या महिन्यातच आखडायला लागतं. चोवीस आठवड्यांच्या आत लांबी अडीच सेंटिमीटरच्या, म्हणजे २५ मिलिमीटरच्या खाली आली तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. आणि आखडताना ते दुखत नाही. बाई धुणं धुते, डोक्यावर घागर घेते, रोप लावायला शेतात वाकते, आणि आत तोंड आखडत असतं. कळा येतात तेव्हा बहुतेक वेळ निघून गेलेली असते.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही लांबी नीट कळत नाही. लघवीची पिशवी भरलेली असली की तोंड आहे त्याहून लांब दिसतं. आतून, खालच्या मार्गानं तपासावं लागतं, लघवी करून आल्यावर. काही मिनिटांचं काम असतं आणि बाळाला त्याचा काही धोका नसतो. लांबी कमी निघाली तर रोज रात्री योनीमार्गात ठेवायची २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल देतात, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. पाच चाचण्यांमधल्या ९७४ बायकांची माहिती एकत्र करून २०१८ साली जो अभ्यास छापून आला, त्यात या औषधानं ३३ आठवड्यांच्या आतली बाळंतपणं सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. जिचं आधीचं मूल अपुऱ्या दिवसांचं गेलंय आणि आता पुन्हा तोंड आखडतंय, तिला पिशवीचं तोंड मिटलेलं राहावं म्हणून टाका घालतात.

हा टाका पहिल्यांदा कुणी घातला ते आपल्या भागात फार थोड्यांना माहीत असावं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोडा गावचा, शाळा हुबळीत, डॉक्टरकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९५५ साली त्यांनी ही शस्त्रक्रिया मांडली. मांडीच्या स्नायूंवर जे चिवट आवरण असतं त्याची पट्टी काढून ती गर्भाशयमुखाभोवती आवळायची, अशी ती मुळात होती. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत काढली, आणि मला घातला तो टाकाही त्याच पद्धतीचा. पण जगभरातल्या डॉक्टरीच्या पुस्तकांत आजही 'शिरोडकर' हा शब्द आहे. शिरोड्याहून हुबळीला जायची एक वाट खानापूरच्या बाजूनं जाते. ज्या वाटेवरनं हा माणूस शिकायला गेला असेल, तिथल्या बाईला तिचं तोंड किती आखडलंय हे कुणी सांगू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता या मोजणीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर मी वाचकाला फसवल्यासारखं होईल. तोंड आखूड निघालेल्या सगळ्याच जणी लवकर बाळंत होत नाहीत; पुष्कळ जणींचे दिवस पूर्ण भरतात. उलट, दिवस न भरता होणारी कितीतरी बाळं अशा बायकांची असतात ज्यांचं तोंड पाचव्या महिन्यात चांगलं लांब होतं. रक्तदाब, लघवीतला जंतुसंसर्ग, जुळं, रक्ताची कमतरता, तंबाखू अशी कारणं पुष्कळ आहेत. आपल्या बायका दातांना मिश्री लावतात ती तंबाखूच आहे, आणि निपाणीच्या पट्ट्यात तर विड्या वळताना दिवसभर तंबाखू हाताशी असते. जुळ्यांच्या बाबतीत सरसकट टाका घालण्याचा फायदा दिसलेला नाही. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळं दिवस न भरता जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. ती सगळी एका मोजणीनं वाचणार नाहीत. पण ज्यांचा धोका आधी दिसू शकतो आणि ज्यावर औषध आहे, त्यांचा तरी पाहिला जावा.

मला भाषेबद्दल बोलायचंय, आणि मी ते सीमावादाच्या अंगानं बोलत नाही. १ नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक जो काळा दिन पाळतात, त्याच्या फेरीत मीही चालले आहे. त्या प्रश्नावरचं माझं मत लपवण्यासारखं नाही, पण तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि पोटातल्या पोराला तेवढी सवड नसते. दवाखान्यात भाषा हा तपासणीचाच भाग असतो. 'कळा येतात का' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असतं तेव्हाही खरा धोका असू शकतो. 'जड पडालंय', 'कंबर भरून आलीया', 'अंगावरनं जास्त जातंय', 'पोट मधनंच दगडासारखं हुतंय' ही आपल्या बायकांची वाक्यं म्हणजे लक्षणं आहेत. नर्सिंगच्या पुस्तकात त्यांना इंग्रजी नावं आहेत. कन्नडमध्येही त्यांना शब्द असणारच. अशी दहा-बारा वाक्यं कन्नड, मराठी दोन्हीत समोरासमोर छापून प्रत्येक प्रसूती वॉर्डात आणि प्रत्येक आशाताईच्या पिशवीत ठेवायला किती खर्च येईल? एका कागदाचा.

कर्नाटकात गरोदर बाईला 'तायी कार्ड' मिळतं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्याकडं बायका त्याला सहजच 'ताई कार्ड' म्हणतात, आणि मला ते आवडतं. मला मिळालेलं कार्ड कन्नडमध्ये होतं. मी शाळेत शिकवते, तरी मला त्यावरचे अर्धे रकाने लावता आले नाहीत. कधी शाळा न पाहिलेल्या बाईचं काय होत असेल? ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं धोरण आहे. खानापूर तालुक्यात मराठी बोलणारे त्याहून कितीतरी जास्त. गरोदर बाईच्या कार्डापेक्षा महत्त्वाची सूचना कुठली?

दुसऱ्या खेपेला मला भेटलेली सिस्टर विजापूरकडची होती, घरात सगळं कन्नड. तिनं दोन वर्षांत कामापुरतं मराठी शिकून घेतलं होतं. "अक्का, जड पडालंय काय? खाली दाबल्यासारखं?" असं ती मला दर खेपेला विचारायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच वाटलं म्हणून ती शिकली. ते असं एकेकीच्या मनावर सोडू नये.

बेळगाव हे डॉक्टरीच्या बाबतीत मागासलेलं ठिकाण आहे असं कुणी समजू नये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या खेड्यातली नर्स देऊ शकते का, हे जगाला दाखवून दिलं ते याच जिल्ह्यातल्या १,६२० बायकांनी. २००६ साली तो अभ्यास छापून आला. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं होतं. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे लोक त्यात होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दलही बेळगावनं जगाला एक मोठी गोष्ट शिकवली आहे, आणि ती माझ्या मुद्द्याला थेट लागू पडते.

बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात: ६ मिलिग्रॅम, बारा बारा तासांनी, चार वेळा. ते गावपातळीवर सरसकट पोहोचवलं तर बाळं वाचतील का, हे पाहायला सहा देशांत मोठा प्रयोग झाला. भारतातून त्यात बेळगाव आणि नागपूर होते. निकाल आला तो उलटा. जिथं इंजेक्शनाचा प्रसार केला तिथं दर हजार जिवंत जन्मांमागं साडेतीन बाळं जास्त दगावली. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं दुसरा प्रयोग केला, बेळगाव त्यातही होतं. या वेळी इंजेक्शन रुग्णालयातच द्यायचं, आणि दिवस किती झाले ते सोनोग्राफीनं नक्की केलेलं असायचं, अशी अट होती. २०२० साली निकाल आला: इंजेक्शन न मिळालेल्यांत नवजात मृत्यू २३.५ टक्के, मिळालेल्यांत १९.६. औषध तेच होतं. फरक पडला तो बाई कितव्या आठवड्यात आहे हे ठाऊक असण्यानं, आणि ती योग्य जागी वेळेवर पोहोचण्यानं. मोजल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय चांगलं औषधही कामाचं नाही, हे आपल्याच बायकांनी सिद्ध करून दिलंय. त्याचा लाभ त्यांच्या लेकी-सुनांना आधी मिळायला नको का?

वेळेवर पोहोचण्याचंच घ्या. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. भीमगडच्या जंगलातल्या गावांना धड रस्ता नाही. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावातल्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून चिखलेपर्यंत आणलं. अशा गावातल्या बाईला कळा सुरू झाल्यावर १०८ ला फोन करून काय उपयोग? तिचा धोका विसाव्या आठवड्यातच कळला असेल तर ती पावसाआधी खानापुरात, पाहुण्यांच्या घरी येऊन राहू शकते. रस्ता व्हायलाच हवा. पण तो होईपर्यंत या एका आकड्यानं तिच्या हातात महिना-दीड महिना तरी येतो.

आणि माहेर. आपल्याकडं चंदगड, गडहिंग्लजच्या लेकी बेळगाव-खानापुरात दिलेल्या, आणि इकडच्या तिकडं. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी निघते, म्हणजे राज्य बदलते. इथलं तायी कार्ड कन्नडमधलं, तिथला दवाखाना मराठी. तिथं सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. त्यातून 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' ही जुनी समजूत अजून ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या जगण्यात भर घालतो. गरोदर बाईची नोंद करताना तिला देशभर चालणारा नंबर मिळतो. तो नंबर, सोनोग्राफीनं नक्की केलेली तारीख आणि गर्भाशयमुखाची लांबी, एवढ्या तीन गोष्टी कार्डाच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांत असल्या तर हद्द ओलांडताना बाईबरोबर तिची माहितीही ओलांडेल.

बेडरेस्टबद्दलही थोडं बोलते, कारण आकडा सांगितला तरी पुढं घरात जे होतं ते बघितलेलं आहे. 'तोंड लहान आहे, झोपून राहा' एवढंच सांगून बाईला घरी पाठवतात. दिवसच्या दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यानं मुदतीआधीची बाळंतपणं टळतात असा पुरावा नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. रोजानं जाणाऱ्या बाईला तर ते जमतही नाही, आणि मूल गेलं की 'झोपली नाहीस म्हणून' हा दोष आयुष्यभर तिच्या माथी. मला डॉक्टरीणबाईंनी अगदी मोजकं सांगितलं: ओझं उचलायचं नाही, तासन्‌तास वाकून काम नाही, संबंध नको, लघवीला जळजळ झाली की त्याच दिवशी यायचं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर रात्र बघायची नाही. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. मराठीत ऐकत होत्या. घरी आल्यावर त्यांनीच सगळ्यांना बजावलं. त्यांना कारण कळलं होतं म्हणून.

अठराव्या आठवड्यात माझी लांबी २.२ आली आणि दोन दिवसांत पाठीत इंजेक्शन देऊन टाका घातला. त्यानंतरच्या दिवसांत मी काय केलं असेल तर कॅलेंडरवर दर गुरुवारी पेन्सिलीनं गोल काढला, कारण माझा आठवडा गुरुवारी पालटायचा. चोविसाव्याच्या गोलावर मी दोनदा पेन्सिल फिरवली. अठ्ठावीस. बत्तीस. चौतिसाव्याला नवऱ्यानं कुंदा आणला आणि मी खाल्ला नाही. छत्तीस होईपर्यंत खायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. भीती रोज वाटायची. पण पहिल्या खेपेला मी निश्चिंत होते आणि मूल गेलं. म्हणून 'बायकांना आकडे सांगून उगाच कशाला घाबरवायचं' असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. भीती बाईला झेपते. अंधारात ठेवलेलं झेपत नाही.

अडचणी आहेत, नाहीत असं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी करणारा डॉक्टर रोज असेलच असं नाही. यंत्र असलं तरी आतून तपासायचा प्रोब लागतो, तो दर वेळी निर्जंतुक करावा लागतो. १९९४ च्या लिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळं यंत्र नोंदलेल्या जागीच वापरावं लागतं, आणि आपल्याकडं लेकींचं जे झालंय ते बघता ते योग्यच आहे. बायका आतून तपासायला लाजतात. पडदा असेल, जवळ बाईमाणूस असेल आणि काय करणार ते आधी सांगितलं तर बहुतेक जणी तयार होतात. सगळीकडं एकदम जमणार नसेल तर ज्यांचं मूल आधी मध्येच गेलंय किंवा अपुऱ्या दिवसांचं झालंय, त्यांच्यापासून सुरू करा. त्यांची तपासणी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी व्हावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांना डॉक्टरांनी मोफत तपासायची योजना २०१६ पासून आहेच. त्याच दिवशी हे होऊ शकतं.

दोन्ही सरकारांना आपली आठवण अधूनमधून येते. २०२३ साली महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं आक्षेप घेतला, आणि पुढं चर्चा अधिकार कुणाचा यावरच राहिली. योजना मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांची. अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत गेल्यावर पैसे कुणी द्यायचे यावर दोन राज्यं भांडणार, आणि ते बाळ त्या पेटीत जाऊच नये म्हणून पाचव्या महिन्यात काय करायचं हे कुणीच विचारणार नाही, असं किती दिवस चालायचं? दर हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्या वेळी आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा ठरलेला असतो. माझी समितीच्या लोकांनाही कळकळीची विनंती आहे: फलकांच्या भाषेबरोबर प्रसूती वॉर्डाच्या भाषेची मागणीही निवेदनात घाला. कन्नड आमदारांनाही ती नाकारणं जड जाईल, कारण सीमेपलीकडं सोलापूर, जत, अक्कलकोटात नेमकी हीच अडचण कन्नड बोलणाऱ्या बायकांची आहे.

माझी मुलगी सदतिसाव्या आठवड्यात झाली. आता तिसरीत आहे.

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर पहिलीतल्या एका मुलाची आई फाटकाशी थांबली होती. पोट दिसायला लागलेलं. पदराखालून तिनं रिपोर्ट काढला. "बाई, जरा वाचून बघता? अकरा दिस झाले, कुणीच काय सांगीना." मी खालून दुसऱ्या ओळीवर गेले. ३.६. मी तिला म्हटलं, "पिशवीचं तोंड साडेतीनच्या वर आहे. चांगलं आहे ते." तिनं पुन्हा विचारलं, "चांगलं काय?" मी 'होय' म्हटलं. मग ती शाळेच्या पायरीवर बसली, कागदाची घडी केली, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.